फलकावर साडेदहा, हातात साडेसोळा

"साहेब, सप्रेम नमस्कार. मी वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला आहे, बजाजनगरला भाड्यानं राहतो, मूळ गाव अंबड तालुक्यात. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात धरलंय. तीन लाखांचं पर्सनल लोन काढायचं म्हणून बँकेत गेलो. रस्त्यावर बोर्ड आहे, साडेदहा टक्क्यांपासून. मला सांगितलं साडेसोळा, चार वर्षांसाठी. माझ्याच लाइनवरच्या मित्राला त्याच बँकेनं मागच्या महिन्यात अकरा टक्क्यांनी दिलं. बातम्यांत म्हणतात रेपो कमी झाला. मग मलाच जास्त का? ही फसवणूक नाही का? तक्रार कुठं करायची? एक फायनान्सवाला दहा टक्क्यांनी द्यायला तयार आहे, त्याचं घेऊन टाकू का? पगार हातात २६,८०० पडतो. सिबिलचा रिपोर्ट, बँकेचं स्टेटमेंट आणि बँकेनं दिलेल्या कागदाचा फोटो सोबत जोडलाय. स्कोअर ६९१ आहे.

ता. क. रिपोर्टात चुलत्यांच्या ट्रॅक्टरचं कर्ज माझ्या नावावर दिसतंय. मी फक्त जामीनदार आहे. एक हप्ता राहिलाय, सोयाबीनला भाव आला की ते भरणार आहेत. त्याचा यात काही संबंध नसावा."

तक्रारीचं शेवटी बघू. त्याआधी एक काम आजच करा: त्या दहा टक्केवाल्या माणसाला आठ दिवस थांब म्हणा. मित्राचा अकरा सोडला तर तुमच्या पत्रात तीन दर आहेत, साडेदहा, साडेसोळा आणि दहा. तिघांत महाग बहुधा दहाच निघेल, कसं ते पुढे येतंच. आणि खरी गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये टाकलीय. कर्जाच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला ही सवय चांगली ठाऊक असते. समोरचा सगळं सांगून उठतो, दारापर्यंत जातो आणि मागं वळून म्हणतो, "ते एक जामिनाचं आहे तेवढं, पण त्याचं काही नाही."

सोयाबीनच्या घरातले आहात, तेव्हा मोंढ्याचंच घेऊ. सकाळी सौदा निघतो, फळ्यावर भाव लागतो, त्याचा फोटो गावात मोबाइलवर फिरतो. तो बघून तुम्ही गाडी भरून नेता. मग अडत्याचा माणूस पोत्यातून ओंजळभर दाणे काढतो, मीटरमध्ये टाकून ओलावा बघतो, तळहातावर चोळून माती-काडी आणि डागी दाणा बघतो, आणि तुमच्या मालाचा भाव फळ्याच्या बराच खाली येतो. फळ्यावर लिहिलेलं खोटं नव्हतं. त्या दिवशीच्या सगळ्यात कोरड्या ढिगाला तो भाव खरोखर लागला होता. बँकेच्या बोर्डावरचं साडेदहा तसंच आहे. फक्त त्यापुढचा 'पासून' हा शब्द बारीक काढलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर एक चांदणी असते, जिचा खुलासा बोर्डाच्या तळाशी, चालत्या गाडीवरून वाचता येणार नाही अशा अक्षरात असतो.

ते साडेदहा कुणाला मिळतं? साधारणपणे सरकारी नोकरदाराला, नाहीतर बँकेच्या यादीतल्या मोठ्या कंपनीच्या कायम माणसाला. पगाराचं खातं त्याच बँकेत, स्कोअर पावणेआठशेच्या पुढे, आधीचं कर्ज नावापुरतं. बऱ्याच ठिकाणी मागणीही मोठ्या रकमेची लागते. दहा-पंधरा लाख मागणाऱ्याला दर कमी आणि तीन लाखवाल्याला जास्त हे उलटं वाटेल, पण कागद तपासायचा आणि वसुलीचा खर्च दोघांना जवळपास सारखाच येतो. मी होतो त्या शाखेबाहेर एका दिवाळीला असाच बोर्ड लागला होता. तो उतरेपर्यंत त्यावरच्या दरानं मी दोनच कर्जं केली, एक तहसील कचेरीतल्या बाईंचं आणि एक प्राध्यापकाचं. बाकीच्यांना बोर्डानं आत आणलं आणि दर मी सांगितला.

ही फसवणूक नाही का, असं विचारलंत. पर्सनल लोनचा दर रिझर्व्ह बँक ठरवून देत नाही. प्रत्येक बँक आपल्या संचालक मंडळाच्या धोरणानं तो ठरवते आणि माणूस बघून कमीजास्त ठेवायची तिला मुभा आहे. मोटारसायकल बँक ओढून नेऊ शकते, घर जप्त करू शकते. पर्सनल लोनला तुमच्या सहीमागे काहीच नसतं. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा बिनतारण ग्राहक कर्जांचा जोखीम भार १०० वरून १२५ टक्के केला. म्हणजे असं कर्ज देताना बँकेला स्वतःचं भांडवल जास्त अडकवावं लागतं, आणि त्याचा खर्च कुणाकडून निघणार ते सांगायला नको.

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो दर. २०२५ मध्ये तो चार टप्प्यांत ६.५० वरून ५.२५ वर आला, हे खरं. पण त्याचा फायदा आधी मिळतो तो बदलत्या दराच्या कर्जांना, मुख्यतः घरकर्जाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना अशी नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधावी लागतात. पर्सनल लोन बहुतेक ठिकाणी स्थिर दरानं मिळतं. आणि सव्वा टक्क्यानं तुमचं दुखणं जाणारही नव्हतं. बोर्ड आणि तुम्ही यांच्यात सहा टक्क्यांचं अंतर आहे. ते मुंबईत रिझर्व्ह बँकेत पडलेलं नाही, वाळूज आणि अंबडच्या मध्ये कुठंतरी पडलंय.

वाळूजपासून सुरू करू. तुम्ही आणि तुमचा मित्र एका लाइनवर उभे राहता, पण बँकेच्या कागदावर तुम्ही एका कंपनीत नाही. तुमच्या स्टेटमेंटमध्ये पगार टाकणाऱ्याचं नाव बघा. तीन वर्षांत तीन नावं आहेत, तिन्ही मनुष्यबळ पुरवणारे ठेकेदार. गेट तेच, मशीन तेच, कँटीनमधली पातळ डाळ तीच, पण मालक तीनदा बदललेला. बँकांकडे कंपन्यांची प्रतवारी केलेली यादी असते. मित्र कंपनीच्या रोलवर आहे, त्याची कंपनी यादीत वर आहे. तुमचा ठेकेदार यादीतच नाही. संगणकाला तुम्ही अकरा महिन्यांपूर्वी नवी नोकरी धरलेला, त्याआधी दोन सोडलेला माणूस दिसता. अन्याय आहे का? आहे. पण तो बँकेच्या काउंटरवर सुरू झालेला नाही.

यावर एक उतारा आहे, पूर्ण नाही, थोडा. ठेकेदार बदलले तरी तुमचा पीएफचा यूएएन नंबर एकच असतो. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या संस्थेच्या, पोर्टलवरून पासबुक काढा. त्यात तीन वर्षांचा भरणा सलग दिसत असेल, मध्ये महिना कोरडा गेलेला नसेल, तर ते छापून कर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा की नोकरी एकच आहे, नावं बदलली. शाखेतल्या माणसाच्या हातात थोडाफार दर कमी करण्याची शिफारस असते, पण त्याला वर पाठवायला कागद लागतो. कागदाशिवाय तो तुमच्यासाठी भांडणार नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही भांडलो नसतो. अकरा मिळेल अशी आशा मात्र लावून घेऊ नका.

आता सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंदवही. त्यातला स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात. तुमचा ६९१ काही वाईट नाही, पण चांगला दर बहुतेक बँकांत साडेसातशेच्या पलीकडे सुरू होतो. दुसऱ्या पानावर तुमच्या गाडीच्या कर्जाखाली महिन्यांची एक पट्टी आहे, प्रत्येक महिन्याखाली तीन आकडे. बहुतेक ठिकाणी ००० आहे. चार ठिकाणी ००५, ००६, ००७, ००६ असं आहे. हे हप्त्याला झालेल्या उशिराचे दिवस. मग मी स्टेटमेंट शेजारी धरलं. गाडीचा हप्ता ५ तारखेला कापायला येतो. ठेकेदार पगार टाकतो १० ला, कधी ११ ला. खात्यात थोडे पैसे उरले असतील त्या महिन्यात हप्ता जातो, नसले की परत जातो, वर दंड बसतो आणि पगार आला की तुम्ही इमानदारीनं भरता. तुम्ही एकही हप्ता बुडवलेला नाही. पाच तारीख आणि दहा तारीख यांच्या मधल्या खड्ड्यात तुमचा स्कोअर पडलाय. गाडीच्या फायनान्सला लेखी अर्ज देऊन हप्ता १५ तारखेला मागा. नाही म्हणाले तर एका हप्त्याएवढे ३,१०० रुपये खात्यात कायमचे पडू द्या, ते आपले नाहीतच असं समजून. आणि नवं कर्ज कुणाचंही घ्या, हप्त्याची तारीख सही करण्याआधी ठरवा.

त्याच रिपोर्टात शेवटच्या पानावर चौकशांची यादी आहे. नऊ दिवसांत सहा. तुम्ही सहा बँकांत गेला नाहीत हे मला दिसतंय. कुठंतरी 'सगळ्यात कमी दर शोधा' असं म्हणणाऱ्या एका फॉर्ममध्ये पॅन आणि मोबाइल नंबर भरलात, एका बटणावर संमती दिलीत आणि त्यांनी तो सहा दारांत टाकला. आठवड्यात सहा जणांकडे हात पसरणारा माणूस अडचणीत असावा, असा निष्कर्ष पुढचा प्रत्येक जण काढतो. आता दोन महिने कुठंही अर्ज नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं मात्र स्कोअर पडत नाही, ही भीती खोटी आहे. सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

आणि आता चुलते.

'फक्त जामीनदार' असं काही नसतं. भारतीय करार कायदा १८७२ मधला आहे, त्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे ते कर्ज तुमच्या रिपोर्टात येणारच, आणि थकलं की तुमच्याही नावापुढे थकलेलं दिसणार. ट्रॅक्टरचा हप्ता बहुधा सहामाही असतो, पिकाच्या हिशेबानं. म्हणून घरात 'एकच हप्ता राहिलाय' असं म्हणतात तेव्हा खरं तर अर्ध्या वर्षाची रक्कम राहिलेली असते. तुमच्या रिपोर्टात ती ४१,२०० आहे आणि उशीर ०६४, म्हणजे दोन महिने उलटून गेले. गाडीच्या पाच-सहा दिवसांकडे बँक एक वेळ कानाडोळा करेल. चौसष्ट दिवसांकडे नाही करणार.

चुलत्यांना मी दोष देत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. ज्याच्या हाती थोडं सोयाबीन आलं त्याला ते मातीमोल विकवत नाही, हे मी समजू शकतो. पण हिशेब मांडून बघू. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८. त्या भावानं आठ क्विंटल म्हणजे ४२,६२४, हप्ता फिटतो. खुल्या मोंढ्यात भाव कमी लागला तर नऊ-दहा क्विंटल धरा. समजा त्यांनी आणखी तीन महिने वाट बघितली आणि क्विंटलमागे तीनशे रुपये खरंच वाढले, तर दहा क्विंटलवर सुटतात ३,०००. तोवर ट्रॅक्टरच्या हप्त्यावर दंड चालूच आहे. आणि इकडे तुमच्या तीन लाखांच्या कर्जावर दर नुसता एक टक्का कमी-जास्त झाला तर चार वर्षांत जवळपास ७,४०० रुपयांचा फरक पडतो. म्हणजे चुलत्यांच्या घरातली पोती तुमच्या खिशातून खातायत.

हे फोनवर बोलायचं काम नाही. रविवारी गावी जा, रिपोर्टचं ते पान छापून न्या, चुलतीला चहा टाकायला सांगा आणि हाच हिशेब चुलत्यांसमोर ठेवा. पुतणीच्याच लग्नाचं कर्ज आहे. सगळं नसेल विकायचं तर हप्त्यापुरतं विका म्हणावं. भरल्याची पावती आणि थकबाकी शून्य असल्याचं पत्र फायनान्सकडून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला सिबिलसारख्या कंपन्यांकडे पाठवावी लागते, त्यामुळे महिनाभरात रिपोर्टात थकबाकी गेलेली दिसायला हवी. नाही गेली तर सिबिलकडे ऑनलाइन तक्रार करा; ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. मागचा ०६४ पुसला जाणार नाही. पण 'आजही थकलेलं' आणि 'होतं, भरलं' यात कर्ज देणाऱ्याच्या नजरेत फार अंतर आहे.

आता तो दहा टक्केवाला. त्याला एकच प्रश्न विचारायचा: फ्लॅट की घटत्या शिलकेवर? फ्लॅट म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत राहिलात तरी व्याज पहिल्या दिवशीच्या तीन लाखांवरच, चारही वर्षं. घटत्या शिलकेवर म्हणजे व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. त्याचं दहा फ्लॅट असेल तर हिशेब असा: तीन लाखांवर वर्षाला तीस हजार, चार वर्षांचे एक लाख वीस हजार, एकूण चार लाख वीस हजार भागिले ४८. हप्ता ८,७५०. बँकेच्या साडेसोळाचा हप्ता येतो ८,५७९. दहाचा हप्ता साडेसोळापेक्षा जास्त. घटत्या शिलकेच्या भाषेत त्याचा दर साधारण १७.६ टक्के होतो, प्रोसेसिंग फी धरायच्या आधीच. चार वर्षांच्या मुदतीत फ्लॅट दराच्या पावणेदोन पट खरा दर, असा ढोबळ हिशेब डोक्यात ठेवला तरी चालतं.

हसू नका, मी बँकेत असताना स्वतः फ्लॅटनं फ्रीज घेतलाय. दुकानदारानं हप्ता सांगितला, बायकोनं रंग पसंत केला, मी सही केली. महिन्याभरानं शाखेतल्या कारकुनानं कागदाच्या पाठीवर दर काढून माझ्या टेबलावर ठेवला, काही न बोलता.

बँकेच्या कागदाचा जो फोटो पाठवलात त्यात दोन ओळी तुम्ही वाचलेल्या दिसत नाहीत. प्रोसेसिंग फी २ टक्के म्हणजे ६,०००, त्यावर जीएसटी १,०८०. आणि खाली 'लोन सुरक्षा' ८,४००, हा विमा आहे. दोन्ही कापून तुमच्या खात्यात पडणार २,८४,५२०, पण हप्ता मात्र तीन लाखांचा. हे धरून खरा वार्षिक दर निघतो साधारण साडेएकोणीस. विमा काढून टाकला तर पावणेअठराच्या किंचित वर. म्हणजे साडेसोळा की सोळा, यावर तुम्ही भांडत बसाल, आणि जवळपास पावणेदोन टक्के त्या एका विम्याच्या ओळीतून निघून जातील. पर्सनल लोनसाठी विमा घेणं सक्तीचं नाही. टेबलावरचा पोरगा म्हणेल, "सर, त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही." त्याला म्हणायचं, एवढंच एका ओळीत लिहून सही-शिक्का दे. सिस्टीम पुढे जाते.

यासाठी तुमच्या हातात एक चांगला कागद आहे, की फॅक्ट स्टेटमेंट, बँकेत केएफएस म्हणतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना तो देणं बँका आणि फायनान्स कंपन्या दोघांनाही बंधनकारक आहे. त्यात व्याज, फी, बँकेमार्फत कापला जाणारा विमा, सगळं धरून एकच वार्षिक दर लिहिलेला असतो, एपीआर. दोन ठिकाणांची तुलना फक्त या एका आकड्यावर करायची. बोर्ड, हप्ता, टेबलावरची चर्चा, सगळं बाजूला. कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत असायला हवा, तेव्हा मराठीत मागा. दिल्यापासून किमान तीन कामकाजाचे दिवस त्यातल्या अटी बँकेवर बांधील असतात, म्हणजे घरी नेऊन वाचायला वेळ असतो. आणि त्यात न लिहिलेला खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. दहा टक्केवाल्याकडेही हाच कागद मागा. देतो का बघा. टाळाटाळ केली तर तुमचे आठ दिवस वसूल झाले. मुदतीआधी फेडलं तर काय दंड, तेही त्याच कागदात बघून ठेवा, स्थिर दराच्या कर्जाला तो असू शकतो.

राहिली रक्कम. लग्नात किती खर्च करावा हे सांगायला मी बसलेलो नाही. पण तुमचे गाडीचे ३,१०० आणि मोबाइलचे १,४५० धरले, त्यात ८,५७९ मिळवले तर १३,१२९ होतात, हातातल्या पगाराच्या जेमतेम निम्म्याच्या आत. बँका साधारण इथपर्यंतच ताणतात, आणि ताणलेल्याला दर चढा लावतात. तीनाऐवजी दोन लाख घेतले, चाराऐवजी तीन वर्षांसाठी, तर त्याच साडेसोळानं हप्ता ७,०८१ येतो आणि एकूण व्याज जातं ५४,९०० च्या आसपास. तीन लाख चार वर्षांना ते १,११,८०० च्या घरात आहे. निम्म्याहून कमी. वरच्या लाखासाठी पीएफचं पोर्टल उघडलंच आहे तर तेही बघा. सख्ख्या बहिणीच्या लग्नासाठी पैसे काढायची सोय त्यात आहे. घरात कुणाची भिशी लागायची असेल तर तिचाही नंबर आत्ताच धरून ठेवायला हवा.

मोबाइलचे दोनच हप्ते उरलेत, ते संपू द्या. चुलत्यांचा हप्ता भरून झाला, रिपोर्ट नवा आला, की पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथंच आधी जा. ती बँक तुमचा पगार तीन वर्षं बघतेय. आणि 'दर कमी करा' असं नुसतं म्हणू नका. म्हणा, थकबाकी गेली, पीएफ सलग आहे, मागणी तीनाची दोन केली, आता माझा दर पुन्हा काढा. किती उतरेल? माझा अंदाज दीड-दोन टक्के, त्याहून जास्त झालं तर मला आनंदच आहे.

तक्रारीचं राहिलं. दर जास्त लावला म्हणून तक्रार चालणार नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय धरतात. विमा गळ्यात मारला, केएफएस दिला नाही, त्यात नसलेला पैसा कापला, यावर मात्र चालते. आधी बँकेकडे लेखी, पोच घेऊन. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या पोर्टलवर, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

लग्नाला अजून अडीच महिने आहेत, म्हणजे हे सगळं बसतं, पण येता रविवार चुकवला तर ओढाताण होईल. नवा केएफएस हातात आला की सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा, विम्याची ओळ दिसेल असा. तुमच्याकडे तीन दिवस असतील, मी एका दिवसात उत्तर देईन.